एकशे तेरा रेस, विजय शून्य: हारु उरारा आणि कोचीच्या रेसकोर्सचं प्रकरण

जपानी भाषेत 'आतारु' असं एक क्रियापद आहे आणि आपलं 'लागणे' त्याच्यावर अगदी फिट बसतं. आपल्याकडे लॉटरी लागते, नंबर लागतो, आणि दगड लागतो, गोळी लागते, तेही 'लागणे'च. त्यांच्याकडे सेम. त्यामुळे २००३ च्या शेवटाशेवटाला जपानमधली माणसं एका घोडीवरचं रेसचं तिकीट घेऊन, ती हरल्यावर ते फाडून न टाकता नीट घडी घालून पाकिटात का ठेवत होती, हे मराठी माणसाला वेगळं समजवायला नको. ही घोडी जिंकतच नाही, म्हणजे हिचं तिकीट कधी लागतच नाही, म्हणजे हे तिकीट ज्याच्याजवळ त्याला रस्त्यात गाडी येऊन लागणार नाही, अपघात होणार नाही. सरळ हिशोब. पुढे तर तिच्या शेपटीचे केस घातलेले ताईतसुद्धा निघाले.

घोडीचं नाव हारु उरारा. हारु म्हणजे वसंत, आणि उरारा म्हणजे त्या दिवसांतलं कोवळं ऊन, निवांत हवा, असं सगळं त्यात येतं. ११३ रेस पळाली, जिंकली एकही नाही. मी हे प्रकरण बरीच वर्षं मनात धरून आहे, कारण त्याबद्दल सगळीकडे जे सांगितलं जातं, की बघा कशी हरते पण प्रयत्न सोडत नाही, त्यानं माझं समाधान होत नाही. आपण हरतोय हे त्या बिचारीला कुठे माहीत असणार. मला यातली खरी गोष्ट वाटते ती ही की तिला कुणी काढून टाकलं नाही. आणि ज्या वर्षांत हे घडत होतं त्या वर्षांत जपानमध्ये माणसांना काढून टाकणं चाललं होतं, रोज, ऑफिसातून, कारखान्यातून, पन्नाशीच्या माणसांना.

त्या वेळचं जपान

जपानचा फुगा फुटला तो नव्वदच्या दशकाच्या तोंडावर. निक्केई शेअर निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता, तो २८ एप्रिल २००३ ला ७,६०७ वर आला, म्हणजे तेरा वर्षांत जवळजवळ ऐंशी टक्के साफ. मधे १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये यामाइची सिक्युरिटीज बसली आणि त्याच महिन्यात होक्काइदो ताकुशोकु ही मोठी बँक बुडाली. होक्काइदो लक्षात ठेवा, आपली घोडी तिथलीच. २००३ च्या मे महिन्यात रेसोना बँकेला सरकारला पैसे ओतून वाचवावं लागलं.

बेकारी ५.५ टक्क्यांपर्यंत गेली होती. आपल्याला हा आकडा वाचून वाटेल यात काय एवढं, पण तिथे एकदा कंपनीत चिकटला की रिटायर होईपर्यंत कंपनी सांभाळणार, हा करार कागदावर नसला तरी प्रत्येकाच्या डोक्यात पक्का होता. माणसानं रविवारसुद्धा कंपनीला दिलेले, बदली म्हणेल तिथे गेलेला, आणि एक दिवस त्याला सांगितलं जातं की तुमची गरज नाही. 'रिस्ट्रक्चरिंग' शब्दाचं त्यांनी 'रिसुतोरा' केलं आणि त्याचा घराघरातला अर्थ झाला नोकरी जाणं. २००३ या एका वर्षात पोलिसांच्या नोंदीत ३४,४२७ आत्महत्या आहेत. हा आकडा लिहिताना हात थांबतो. आणि याच काळात दोन शब्द टीव्हीवर, मासिकांत, चहाच्या टेबलावर सगळीकडे फिरायला लागले, 'काचिगुमी' आणि 'माकेगुमी', म्हणजे जिंकलेल्यांची टोळी आणि हरलेल्यांची टोळी. तुम्ही कुठल्या टोळीत ते दुसऱ्यानं ठरवायचं.

आता कोची. शिकोकु बेटाच्या दक्षिणेचा, पॅसिफिककडे तोंड केलेला प्रांत, ज्याची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. कात्सुओ मासा आणि ऑगस्टमधला योसाकोइ नाच-उत्सव यासाठी नाव आहे, पण मोठा उद्योग असा नाही, तरुण पोरं ओसाकाला नाहीतर टोकियोला निघून जातात. आपल्या कोकणातल्या माणसाला हे चित्र नवीन नाही.

या कोची शहराच्या कडेला, समुद्राच्या बाजूला रेसकोर्स आहे. जपानमध्ये घोड्यांच्या रेसचे दोन वेगळे संसार आहेत. एक सेंट्रल, म्हणजे जेआरए (जपान रेसिंग असोसिएशन), तिथे पैसा, नावाजलेले घोडे, लाखभर प्रेक्षक. दुसरं लोकल रेसिंग, जे प्रांत आणि नगरपालिका चालवतात, युद्धानंतरच्या काळात गावाच्या तिजोरीत चार पैसे यावेत म्हणून वाढलेलं. फुगा फुटल्यावर हे लोकलवालं जग कोसळायला लागलं. २००१ ला नाकात्सु बंद, २००२ ला मासुदा बंद, २००३ च्या मार्चमध्ये आशिकागा, नोव्हेंबरमध्ये कामिनोयामा. कोचीचा साठलेला तोटा तेव्हा सुमारे ८८० कोटी येनचा होता. प्रांत आणि शहरानं तो आपल्या अंगावर घेतला, पण अट घातली की इथून पुढे एक वर्ष जरी तोट्यात गेलं तरी कुलूप.

हे दुष्टचक्र कसं फिरतं ते समजून घेतलं पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. रेसकोर्सचं पोट भरतं तिकिटांवर. लोकांनी जेवढे पैसे लावले त्यातले साधारण पंचवीस टक्के कोर्स ठेवून घेतं आणि बाकीचे बरोबर ओळखलेल्यांमध्ये वाटले जातात (महालक्ष्मीला किंवा पुण्याला टोटवर ज्यांनी कधी पैसे लावलेत त्यांना ही पद्धत माहीत आहे). त्या पंचवीस टक्क्यांतून बक्षिसं, पगार, ट्रॅकची देखभाल. तिकीटविक्री पडली की बक्षिसं कापायची, बक्षिसं कापली की बरे घोडे दुसरीकडे जातात, घोडे गेले की बघणारे येत नाहीत, की पुन्हा विक्री पडली. कोचीत हे वर्षानुवर्षं चाललं होतं. रेसकोर्स बंद पडलं म्हणजे फक्त मैदान बंद पडत नाही, ट्रेनर, जॉकी, पहाटे तबेला झाडणारी माणसं, चारा आणणारा, नाल ठोकणारा, आणि शेकडो घोडे, त्यांचं काय? घोड्यांचं काय होतं हे फार कुणी मोठ्यानं बोलत नाही. जपानमध्ये घोड्याचं मांस खाल्लं जातं, एवढंच लिहितो.

घोडी

हारु उरारा २७ फेब्रुवारी १९९६ ला होक्काइदोमध्ये मित्सुइशी नावाच्या गावातल्या एका स्टड फार्मवर जन्मली. बाप निप्पो तेइओ, साधासुधा नव्हे, १९८७ ची शरद ऋतूतली तेन्नो-शो ही मानाची रेस जिंकलेला घोडा. म्हणजे रक्तात काही कमी नव्हतं. पण शिंगरू बारीक निघालं, भित्रं निघालं, आणि गिऱ्हाईकच मिळालं नाही. शेवटी फार्मनं मालकी स्वतःकडेच ठेवली आणि तिला जिथे घोडा ठेवायचा खर्च सगळ्यात कमी अशा ठिकाणी पाठवलं, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोचीला. तिथे मुनेइशी दाई या ट्रेनरच्या तबेल्यात ती आली.

१७ नोव्हेंबर १९९८, पहिली रेस. पाच घोडे पळाले, ही पाचवी.

मग पळतच राहिली. पावणेसहा वर्षांत ११३ रेस म्हणजे वर्षाला वीसच्या आसपास, दर अडीच आठवड्यांनी एक. सेंट्रलचे नामांकित घोडे वर्षाला पाच-सहा रेस पळतात, त्यावरून अंदाज घ्या. कधीमधी दुसरी आली, कधी तिसरी, अगदी दरवेळी शेवटची नव्हती, आणि मला हे सांगणं गरजेचं वाटतं कारण लोकांना वाटतं की ती ट्रॅकवर रमतगमत चालायची. तसं नाही. सुटायची, पळायची, जमेल तेवढं पळायची. अंगानं लहान, वजन चारशे किलोच्या आसपास, शेवटच्या टप्प्यात दम पुरायचा नाही. आवाजाला बिचकायची म्हणून तिच्या कानांवर कानटोपीसारखं कापड चढवायचे, गुलाबी रंगाचं, त्याच्यावर हॅलो किटीचं चित्र. लहान मुलीच्या दप्तरावर असतं ना तसलं. आजूबाजूला बाकीचे घोडे चिखल उडवत चाललेत आणि मागून ही गुलाबी टोपी येतेय, हे ज्यांनी फोटोत पाहिलंय त्यांना ती वेगळी ओळखावी लागत नाही.

इतक्या वेळा हरलेला घोडा एरवी कुठल्याही तबेल्यात राहत नाही. हिशोबच जमत नाही, पूर्ण करिअरमध्ये तिची कमाई सुमारे ११ लाख येन, एवढ्यात सहा वर्षांचं खाणंपिणं निघत नाही. मुनेइशींनी तिला ठेवली. पळता येतंय ना, दुखत नाहीये ना, मग पळू दे, अशी त्यांची भूमिका होती. मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच वाटतो आणि तो कुठल्याही मीटिंगमध्ये झालेला नाही. कॅमेरे येण्याच्या आधीची चार-साडेचार वर्षं, जेव्हा कोणी बघत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं, तेव्हा रोज पहाटे कोणीतरी तिला खरारा करत होतं, पाणी दाखवत होतं, पाय तपासत होतं. आपल्याकडे म्हातारा बैल बाजाराला न्यायचा विषय निघाला की घरातलं कोणीतरी उठून बाहेर जातं, पाठ करून उभं राहतं, त्यातलंच हे.

बातमी कशी झाली

कोचीच्या कोर्सवर कॉमेंट्री करणाऱ्या निवेदकाच्या लक्षात आलं की ही घोडी एकदाही जिंकलेली नाही आणि आकडा फुगत चाललाय. ते तिथल्या कोची शिंबुन या पेपरपर्यंत पोचलं आणि २००३ च्या जूनमध्ये बातमी छापून आली, तेव्हा पराभव ऐंशीच्या पुढे गेले होते. रेसोना वाचवल्याला महिनाही झाला नव्हता. मग राष्ट्रीय पेपर, मग टीव्ही, आणि दोन-तीन महिन्यांत तिला नाव पडलं, 'माकेगुमी नो होशी', हरलेल्यांच्या टोळीतला तारा.

इथे जरा थांबतो. 'माकेगुमी' हा शब्द त्या काळात लोकांच्या अंगावर फेकला जात होता. मासिकांचे मथळे असायचे, तुम्ही जिंकलेल्यांत की हरलेल्यांत, कसं ओळखाल. आणि अचानक त्याच शब्दाला पुढे 'तारा' लागला. जो शब्द ऐकून माणूस मान खाली घालत होता तो त्यानं स्वतःहून टी-शर्टवर छापून घेतला. ठरवून कुणाला हे जमलं नसतं.

मोठमोठ्या शहरांतून पत्रं यायला लागली. लोक विमानानं, फेरीनं कोचीला यायला लागले. काही जण तर येऊन तिच्या तबेल्याच्या बाजूला नुसते उभे राहायचे. कोर्सनं टी-शर्ट काढले, मोबाइलला लटकवायच्या दोऱ्या काढल्या, तिच्या नावाचं तिकीट आठवण म्हणून नेता येईल अशी सोय केली. १४ डिसेंबर २००३ ला शंभरावी रेस झाली, हजारो लोक आले, ती हरली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंतप्रधान कोइझुमी यांनीसुद्धा तिचा उल्लेख केला, एकदा तरी ती जिंकलेली बघायला आवडेल अशा अर्थाचं बोलले. मला त्यात थोडी खंत वाटते, कारण बाकीच्या लोकांना ती जिंकायला हवी होती असं मला तरी वाटत नाही. हवी होती ती तिथे असायला.

२२ मार्च २००४

त्या दिवशी कोचीत वर्षातली मोठी रेस असते, कुरोफुने-शो, जिला सेंट्रलचे जॉकी येतात. त्यात ताके युताकाही येणार होता. रेसिंगबाहेरच्या माणसालाही जपानमध्ये ताके युताका माहीत असतो, आदल्याच वर्षी त्यानं सेंट्रलच्या इतिहासात पहिल्यांदा एका वर्षात दोनशेच्या वर रेस जिंकल्या होत्या, २०४. ठरलं असं की आलाच आहे तर हारु उराराला त्यानं चालवायचं. देशातला सगळ्यात जास्त जिंकणारा माणूस, देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध हरणाऱ्या घोडीवर. तो स्वतः सुरुवातीला या सगळ्या गाजावाजाबद्दल फार उत्साही नव्हता, आणि ते मला समजू शकतं, ज्याचं आयुष्य जिंकण्यात गेलंय त्याला हरण्याचा एवढा उत्सव पचायला जड जाणारच.

पाऊस होता. तरी १३,००० माणसं आली, कोर्सच्या क्षमतेएवढी. तिची १०६ वी रेस. लोकांनी तिच्यावर इतके पैसे लावले की भाव १.८ झाला, म्हणजे शंभर येन लावले आणि ती जिंकली तर १८० मिळणार. १०५ वेळा हरलेली घोडी फेव्हरिट! एकट्या त्या रेसवर ५१ कोटी १६ लाख येनची तिकिटं खपली आणि दिवसभराची विक्री ८६ कोटी ९० लाख येन, कोचीच्या इतिहासात तोवर कधीही न झालेली.

अकरा घोड्यांत ती दहावी आली.

आणि मग ताके तिला घेऊन परत स्टँडसमोरून फिरला. जिंकलेला जॉकी फिरतो तसा. दहाव्या नंबरवर आलेल्या घोडीला घेऊन, पावसात, छत्र्यांच्या गर्दीसमोरून. लोक ओरडत होते, हात हलवत होते, गुलाबी टोपी चिखलानं भरलेली. मी त्या फेरीचं चित्रण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं आणि का आलं ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

आता हिशोबाकडे या, कारण या प्रकरणातली चलाखी तिथे आहे, आणि ती कुणी मुद्दाम केलेली नाही. तिच्यावर पैसे लावणारा बहुतेक माणूस जिंकण्यासाठी लावतच नव्हता. त्याला तिकीट हवं होतं, कागद. तरी कोर्सला त्याचे पंचवीस टक्के मिळणारच, म्हणजे त्या एका रेसमधून ढोबळमानानं पावणेतेरा कोटी येन. आणि उरलेला पैसा ज्यांनी बाकीच्या दहा घोड्यांचा नीट अभ्यास करून पैसे लावले होते त्यांच्यात वाटला गेला, म्हणजे नेहमीच्या, वर्षानुवर्षं येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांनाही त्या दिवशी चांगला भाव मिळाला. नुकसान कुणाचंच नाही, कारण जो हरला त्याला हवं होतं ते त्याच्या खिशात होतं. त्या आर्थिक वर्षात कोची तोट्यातून बाहेर आलं. कुलूप लागलं नाही.

लोकांना नक्की काय मिळालं

मंदीच्या काळातला घोडा म्हटलं की जगाला आठवतो तो अमेरिकेतला सीबिस्किट. सुरुवातीला हरणारा, आठ हजार डॉलरला विकला गेलेला, आणि १ नोव्हेंबर १९३८ ला पिम्लिकोच्या ट्रॅकवर वॉर अॅडमिरलला हरवणारा. लाखो लोक रेडिओला कान लावून बसले होते. ती गोष्ट संधीची आहे, मला एकदा योग्य माणसाच्या हातात द्या, मग बघा. तीसच्या दशकातल्या बेकार अमेरिकन माणसाला स्वतःबद्दल हेच वाटत होतं, काम द्या, करून दाखवतो.

२००३ च्या जपानी माणसाचं दुखणं वेगळं होतं. त्याला संधी मिळाली नव्हती असं नाही, त्यानं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं आणि तरी त्याला बाहेर काढलं होतं. त्याला 'तूही जिंकशील' सांगून काही उपयोग नव्हता, ते तो ऐकून ऐकून थकला होता. त्याला बघायचं होतं की न जिंकताही कुणाची जागा राहू शकते का. तर कोचीत राहिली होती. निकाल शून्य, तरी तबेल्यात तिचा कप्पा आहे, चारा आहे, टोपी धुऊन वाळत घातलेली आहे, आणि अडीच आठवड्यांनी पुन्हा रेसकार्डावर तिचं नाव आहे. रिसुतोराच्या काळात यापेक्षा मोठा दिलासा काय असतो मला सांगा.

म्हणून प्रयत्नांचा गौरव वगैरे म्हणणाऱ्यांशी माझं पूर्ण पटत नाही. प्रयत्न तर नोकरी गेलेल्या त्या पन्नाशीच्या माणसानंही केले होते. फरक एवढाच की घोडीला मुनेइशी भेटले.

त्या वेळी टीकाही झाली आणि ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. रेसिंगमधल्या काही लोकांचं म्हणणं होतं की ज्या घोड्यांनी त्याच दिवशी त्याच चिखलात जिंकून दाखवलं त्यांचं नावही कुणाला आठवत नाही, हा त्यांच्यावर अन्याय आहे. बरोबर आहे. जिंकणाऱ्या घोड्याच्या मागेही एक तबेला असतो, एक माणूस पहाटे उठतो. आणि दुसरं, इतकी मागणी आली की घोडी माणसांच्या गरजेसाठी पळतेय की काय असं वाटायला लागलं. आठ वर्षांची झाली होती ती. ही दुसरी गोष्ट पुढे खरी ठरली.

पुढे

३ ऑगस्ट २००४ ची रेस तिची शेवटची, ११३ वी. सप्टेंबरमध्ये नव्या मालकिणीनं तिला विश्रांतीसाठी कोचीहून तोचिगी प्रांतातल्या नासूला हलवलं. तबेला आणि मालक यांच्यात मतभेद झाले, पेपरांत आले, निरोपाची रेस होणार होती ती झालीच नाही, आणि २००६ च्या ऑक्टोबरमध्ये तिची नोंदणी रद्द झाली. ज्या कोचीनं तिला सहा वर्षं ठेवलं त्या कोचीत तिला निरोप देता आला नाही, ही या प्रकरणातली सल आहे. मग काही वर्षं ती कुठे आहे हेच लोकांना माहीत नव्हतं. नंतर कळलं, चिबा प्रांतात ओन्जुकुच्या एका फार्मवर आहे, आणि तिच्या जुन्या चाहत्यांनी गट करून तिचा महिन्याचा खर्च उचलायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं, बातमी नाही, कॅमेरा नाही, नुसते पैसे पाठवत राहिले.

कोचीच्या रेसकोर्सचं काय झालं? लाट ओसरल्यावर विक्री पुन्हा पडली, आणि जोरात पडली. २००८ च्या आर्थिक वर्षात पूर्ण वर्षाची विक्री सुमारे ३८८ कोटी येन, अगदी तळ. म्हणजे हारु उरारानं कोर्स वाचवलं असं जे सरसकट लिहिलं जातं ते अर्धवट आहे. तिनं कोर्सला वेळ मिळवून दिला. एका नाजूक वर्षी कुलूप लागू दिलं नाही, बस्स. पण त्या वेळात काय झालं ते बघा. २००९ च्या जुलैमध्ये त्यांनी दिवे लावून वर्षभर रात्रीच्या रेस सुरू केल्या, कारण रात्री दुसरीकडे फारशा रेस नसतात आणि माणूस घरी बसून फोनवरून पैसे लावू शकतो. २०१२ मध्ये सेंट्रलच्या ऑनलाइन सिस्टीमवरून लोकल रेसची तिकिटं मिळायला लागली. विक्री चढत गेली आणि २०२१ च्या वर्षात सुमारे ९,५०० कोटी येनवर पोचली. तळापासून चोवीसपट. २००३ ला जे बंद करायला निघाले होते ते.

घोडी बरीच जगली. २०२५ मध्ये रेसच्या घोड्यांवर बेतलेल्या एका मोबाइल गेममुळे परदेशातल्या पोरांना तिचं नाव कळलं आणि त्यांनी तिच्यासाठी ताज्या गवताची एवढी ऑर्डर दिली की गवत पाठवायची सोय असलेली वेबसाइटच कोलमडली. त्यातल्या कित्येकांचा २००४ ला जन्मही झाला नसेल. ९ सप्टेंबर २०२५ ला पोटशूळानं ती गेली, एकोणतीस वर्षांची होऊन. घोड्याच्या हिशोबानं हे भरपूर आयुष्य आहे, आणि रेसच्या घोड्याच्या हिशोबानं, त्यातही हरणाऱ्या, फारच थोड्यांच्या वाट्याला येणारं.

कोचीला आता रात्रीच्या कार्यक्रमात शेवटची रेस एका खास पद्धतीनं ठरवतात. त्यात मुद्दाम अलीकडे हरत आलेले घोडे निवडून एकत्र उतरवतात, सगळेच हरलेले असल्यामुळे कोण जिंकेल याचा अंदाज कुणालाच येत नाही, दिवसभर पैसे घालवलेले लोक शेवटचा डाव म्हणून थांबून राहतात. ही रेस त्यांची सगळ्यात लाडकी झालीय. दिव्यांखाली ट्रॅकवर वाळू ओली असते, समुद्राकडून वारा येतो, आणि दरवाजे उघडतात तेव्हा त्या ओळीत असा एकही घोडा नसतो ज्याला दुसरीकडे कुणी ठेवून घेतलं असतं.